जुनी एमएम ५४० सकाळी सुरू होत नाही. पंप उतरवण्याआधी काय तपासावे?

मुलुंडची५४० (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९९३ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. इंजिन मूळचेच आहे, म्हणजे प्यूजोच्या परवान्याने तयार झालेले २११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन. डिझेल पंप (नोजलना दाबाने डिझेल पुरवणारा) रोटरी प्रकारचा आहे आणि इंजिन बंद करण्यासाठी डॅशबोर्डखालचा नॉब ओढावा लागतो. गाडी मुलुंडला आमच्या सोसायटीत उभी असते आणि मुख्यतः कर्जतजवळच्या शेतावर जाण्यासाठी वापरली जाते. पावसाळ्यात शेताकडची वाट चिखलाने बंद होत असल्यामुळे जूनपासून ती जवळजवळ उभीच होती. अधूनमधून मी ती सुरू करून थोडा वेळ चालू ठेवत असे.

गणपतीनंतर ती सुरू होणे अवघड होत गेले. आधी सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागे, मग इंजिन सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडे, पुन्हा सुरू केल्यावर अडखळत चाले आणि एकदा नीट चालू झाले की दिवसभर कसलीही तक्रार नसे. आता मात्र ती सकाळी अजिबात सुरू होत नाही. जवळच्या एका गॅरेजच्या मिस्त्रींनी येऊन डिझेल फिल्टर बदलला, प्लंजर मारून हवा काढली आणि गाडी लगेच सुरू झाली; दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच स्थिती. त्यांचे म्हणणे असे, की पंप गेला आहे, तो उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवून घ्यायला, द्यावा आणि त्याच वेळी चारही नोजल (सिलिंडरसाठी डिझेल फवारणारे) दुरुस्त करून घ्यावेत. खर्चाला माझी ना नाही, परंतु कारण निश्चित झाल्याशिवाय पंपाला हात लावावा असे मला वाटत नाही.

सेल्फ चांगला फिरतो. हीटरचा, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना तापणाऱ्या हीटर प्लगचा, दिवा लागतो. टाकीत डिझेल पाव टाकीपेक्षा थोडे कमी आहे. सोसायटीने जागा बदलून दिल्यामुळे गाडी हल्ली तळघराकडे जाणाऱ्या उतारावर, तोंड वर करून उभी असते, त्यामुळे बॉनेटपाशी उभे राहून काम करणे थोडे अडचणीचे होते. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


कार्यशाळा_निवृत्त

नमस्कार. मी एका सार्वजनिक बससेवेच्या कार्यशाळेत डिझेल विभागात काम केले असून आता निवृत्त आहे. पंप उतरवू देऊ नका, निदान आज तरी नाही. ज्या इंजिनाची हवा काढली की ते लगेच सुरू होते आणि मग दिवसभर सुरळीत चालते, त्याचा पंप डिझेल फेकतो आहे हे उघड आहे. प्रश्न रात्रीतून काय बदलते हा आहे.

तुमच्या वर्णनात एक माहिती राहिली आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. सेल्फ मारताना सायलेन्सरच्या तोंडातून धूर येतो का, आणि येत असेल तर कोणत्या रंगाचा? कोणाला तरी गाडीच्या मागे, बाजूला सुरक्षित उभे करून हे पाहायला सांगा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचते आहे पण पेटत नाही, असा अर्थ होतो, आणि मग हीटर प्लग, कम्प्रेशन, पंपाचे टायमिंग यांच्याकडे वळावे लागते. धूर मुळीच नसेल तर डिझेल नोजलपर्यंत येतच नाही. अशा वेळी प्लग बदलून, रिंगा तपासून काहीही हाती लागणार नाही. या एका निरीक्षणाने निम्मे काम संपते, आणि त्यासाठी एकही नट सैल करावा लागत नाही.

सेल्फ चांगला फिरतो हे कानाने ठरवू नये, मीटर लावून ठरवावे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, त्यामुळे ते हळू फिरले तरी अनेकदा सुरू होते. डिझेल मात्र दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेवरच पेटते, आणि इंजिन सावकाश फिरले तर ती उष्णता सिलिंडरच्या भिंतींत आणि हेडमध्ये निघून जाते, शिवाय रिंगांच्या फटीतून हवाही निसटते. मीटर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर धरा: पूर्ण चार्ज असलेली बॅटरी शांत असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना ती साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जाऊ नये. त्यानंतर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग खरवडलेल्या जागी धरून पुन्हा सेल्फ मारा. येथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचे नट गंजले आहेत. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ही पट्टी वरून ठीक दिसते आणि आतून हिरवी पडलेली असते. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये किमान मिनिटभर थांबा, नाहीतर दोष शोधता शोधता सेल्फची वाइंडिंग जळेल.

बंद करण्याच्या नॉबची केबल पावसाळ्यात आतून गंजते. नॉब आत गेल्यासारखा वाटतो, पण पंपावरचा लिव्हर पूर्ण मागे आलेला नसतो, आणि मग पंप ‘बंद’ अवस्थेतच फिरत राहतो. लिव्हर हाताने ढकलून पाहा. तो आणखी सरकला तर दोष केबलचा आहे.

हीटरचा दिवा लागतो यावर विसंबू नका. जुन्या वायरिंगमध्ये दिव्याने फार तर वीज निघाल्याचे कळते. चारही प्लग तापले का, ते कळत नाही. प्लगना जोडणारी पट्टी किंवा वायर काढा आणि प्रत्येक प्लगच्या टोकापासून ब्लॉकपर्यंत ओहम मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आतबाहेर असतो, तुटलेला प्लग काहीच दाखवत नाही. एक्सडीपी इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न पडता हेडमधल्या छोट्या कोठडीत फवारले जाते, आणि त्या कोठडीच्या भिंती उष्णता खातात, म्हणून या इंजिनाला हीटर प्लग लागतात. तरीही मुंबईत सप्टेंबरच्या सकाळी तापमान पंचविसाच्या आसपास असते. अशा हवेत चारपैकी एखादा प्लग गेलेला असला तरी इंजिन पांढरा धूर टाकत, अडखळत का होईना, सुरू व्हायला हवे. त्यामुळे प्लग तपासा, पण सगळा दोष त्यांच्यावर टाकू नका.


मुलुंडची५४०

काका, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले.

सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा धूर अजिबात आला नाही. त्यानंतर फिल्टरवरचा प्लंजर घट्ट होईपर्यंत दाबला. सुरुवातीला तो अगदी पोकळ लागत होता. मग सेल्फ मारल्यावर थोडा पांढरा धूर आला आणि इंजिन सुरू झाले. बॅटरी शांत असताना १२.५ आणि सेल्फ मारताना १०.३ व्होल्ट दाखवते. अर्थिंगवर ०.७ व्होल्ट मिळाले. पट्टीची दोन्ही टोके घासून पुन्हा बसवल्यावर ते ०.२ पर्यंत उतरले आणि सेल्फचा आवाजही बदलला. पंपावरचा लिव्हर पूर्ण मागे येतो. चार हीटर प्लगपैकी तिसरा तुटलेला निघाला, तो बदलणार आहे.

म्हणजे सकाळी डिझेल पोहोचत नाही, हे स्पष्ट झाले. पण मला एक उलगडत नाही. गाडीखाली डिझेलचा एक थेंबही पडलेला नाही, फिल्टर कोरडा आहे, पाइप बाहेरून कोरडे आहेत. गळती कोठेच नसेल तर हवा शिरते तरी कोठून?


वेसावचे_डिझेल

नमस्कार. आमच्या घरी मासेमारीची बोट आहे आणि तिच्या इंजिनाची देखभाल मी करतो. समुद्रात इंजिनाने हवा पकडली तर मदतीला कोणी येत नाही, त्यामुळे हा विषय आम्ही फार गांभीर्याने घेतो.

थेंब पडत नाही म्हणून हवा शिरत नाही, असे मुळीच नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाकडे देणाऱ्या छोट्या पंपापर्यंतच्या) भागात डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. तेथे आत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून एखाद्या बारीक चिरेतून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. चीर गेलेल्या नळीने शहाळ्याचे पाणी ओढून पाहिले तर तोंडात पाण्याऐवजी हवा येते आणि नळी बाहेरून कोरडीच राहते, तसेच हे आहे. इंजिन चालू असताना फीड पंप एवढे डिझेल खेचतो की थोडे बुडबुडे परतीच्या नळीने टाकीत निघून जातात आणि तुम्हाला काही जाणवत नाही. रात्री इंजिन थंड आणि स्थिर असताना त्याच चिरेतून हवा सावकाश आत येते, आणि पाइपमधले डिझेल स्वतःच्या वजनाने टाकीकडे उतरते. सकाळी पंपात डिझेल नाही, हवा आहे. हवा दाबली जाते, त्यामुळे नोजल उघडण्यासाठी लागणारा शंभर बारच्या वरचा दाब तयारच होत नाही. तुमचा प्लंजर सकाळी पोकळ लागला, याचे कारण हेच.

तुमच्या पहिल्या संदेशातल्या दोन वाक्यांकडे मी पुन्हा लक्ष वेधतो, कारण निदान त्यांतच दडलेले आहे. गाडी हल्ली तोंड वर करून उतारावर उभी असते, आणि टाकीत पाव टाकीहून कमी डिझेल आहे. तोंड वर म्हणजे इंजिन टाकीपेक्षा आणखी उंच, आणि डिझेल मागे उतरण्यास अधिक वाव. टाकी रिकामी म्हणजे डिझेलची पातळी खाली, ओढण्याची उंची जास्त, आणि टाकीच्या आतल्या ओढनळीला वरच्या भागात गंजाने बारीक भोक पडले असेल तर तेही उघडे. टाकी भरलेली असताना हाच दोष झाकला जातो. जून महिन्यात गाडी सपाट जागेवर होती का आणि टाकीत डिझेल किती होते, हे आठवून पाहा.

आता चाचणी. दोनेक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या, तिच्यात ताजे, गाळलेले डिझेल भरा आणि बाटली पंपापेक्षा उंच, बॉनेटच्या कडेला पक्की बांधा. पंपाच्या आत जाणारी नळी फिल्टरकडून सोडवून तिच्याऐवजी बाटलीतून येणारी नळी जोडा, परतीची नळीही त्याच बाटलीत सोडा, हवा काढा आणि इंजिन सुरू करा. बंद केल्यावर सगळी जोडणी तशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारा. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले तर पंप निर्दोष आहे आणि दोष फिल्टरपासून टाकीपर्यंत कोठेतरी आहे. बाटलीवरही सुरू झाले नाही तर संशय पंपाकडे जातो. मग कॅलिब्रेशनचा विचार करता येईल. उतारावर हे काम करू नका; गाडी सपाट जागी आणा, चाकांना अडसर लावा, खाली ट्रे ठेवा आणि सांडलेले डिझेल गटारात जाऊ देऊ नका.

बाटलीची चाचणी उत्तीर्ण झाली तर हवा शिरण्याची जागा शोधायची. त्यासाठी पारदर्शक नळीचा हातभर तुकडा आधी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये, मग फीड पंपाच्या आधी, मग टाकीजवळ, असा मागे मागे सरकवत न्या. जेथे नळीच्या एका बाजूला बुडबुडे दिसतात आणि दुसऱ्या बाजूला दिसत नाहीत, त्या दोन जागांच्या मध्ये दोष आहे. ही पारदर्शक नळी केवळ तपासणीपुरती वापरा. डिझेलमध्ये ती काही दिवसांत कडक होते आणि क्लिपखालून सैल पडते.


घाटवाट

नमस्कार. वेसावच्या दादांनी सांगितलेली बाटलीची चाचणी उत्तम आहे, परंतु माझ्या मते तिच्याआधी पाणी तपासायला हवे. पावसाळाभर पाव टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत उरलेला पाऊण भाग दमट हवेने भरलेला असतो. रात्री टाकीचा पत्रा थंड झाला की त्यावर दव धरते आणि ते डिझेलच्या तळाशी जाऊन बसते, कारण पाणी डिझेलपेक्षा जड असते. रोटरी पंपाच्या आतल्या भागांना वंगण म्हणून डिझेलच मिळते, इंजिनचे ऑइल नाही. त्यामुळे पाणी गेले तर पंपाची झीज आणि गंज वेगाने होतो, आणि आज निर्दोष असलेला पंप तुम्ही तपासण्याच्या भरात खराब कराल.

फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून एका काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढा आणि ते तासभर स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण उतरवून धुवून घ्या. पाणी आणि डिझेल जेथे एकमेकांना टेकतात तेथे सूक्ष्म जीव वाढतात आणि काळा, चिकट गाळ तयार होतो. हा गाळ ओढनळीच्या जाळीवर बसला की फीड पंपाला डिझेल ओढण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो, आणि ओढ वाढली की सैल जोडांतून हवा अधिक सहज शिरते. म्हणजे जाळी चोंदणे आणि हवा पकडणे हे दोन वेगळे दोष असले तरी एक दुसऱ्याला वाढवतो. नवा फिल्टर लावूनही त्रास गेला नाही, तर टाकीतली जाळी पाहायलाच हवी.

जुन्या गाड्यांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस ६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत जास्तीत जास्त १० एवढेच असते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची घडण थोडी बदलते, आणि अनेक वर्षे जुन्या प्रकारच्या डिझेलमध्ये फुगून बसलेली रबरी सीले आणि नळ्या नव्या डिझेलमध्ये आकसू शकतात. त्यामुळे ज्या जोडांनी इतकी वर्षे कधी त्रास दिला नाही, तेच जोड एकदम हवा घेऊ लागतात. तुमची गाडी १९९३ सालची आहे. तिच्या रबरी नळ्या शेवटच्या कधी बदलल्या, याची नोंद नसेल तर सर्व बदलून टाका. अशा नळ्या स्वस्त असतात आणि ऑपेरा हाउसच्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या सुट्या भागांच्या दुकानांत मीटरवर मिळतात. नळी डिझेलसाठीचीच आहे याची खात्री करून घ्या. पाण्यासाठीची नळी दिसायला सारखी असते, पण आतून मऊ होऊन चिकटते.

हे सर्व चालू असताना कोणीतरी एअर फिल्टरच्या तोंडाशी ईथरचा स्प्रे मारायला किंवा पेटती चिंधी धरायला सांगेल. कृपया तसे करू नका आणि कोणाला करूही देऊ नका. हीटर प्लग तापलेले असताना आत गेलेला ईथर वेळेआधीच पेटतो, आणि त्या धक्क्याने पिस्टनच्या रिंगा आणि त्यांच्या खाचा तुटतात. सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललेल्या इंजिनावर असा प्रयोग करणे मला अक्षम्य वाटते.


कार्यशाळा_निवृत्त

घाटवाट ताईंच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे, पाणी आधी. तुमच्या एअर फिल्टरमध्ये ऑइल असेल तर तेही उघडून पाहा. पावसाचे पाणी आत जाऊन ऑइल दुधाळ झाले असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नका.

आणखी दोन सूचना करतो. हवा काढताना क्रम पाळा: आधी फिल्टरवरचा स्क्रू, नंतर पंपावरचा, आणि सर्वांत शेवटी नोजलकडचे पाइप नट, तेही अर्धा-एक फेरा एवढेच सैल करून. सेल्फ मारताना त्या नटांजवळ हात किंवा चेहरा नेऊ नका. नोजल किंवा फुटलेल्या पाइपमधून उडणारी डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतले मांस मरू लागते. असे झाले तर मलम लावून थांबू नये, त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने आत गेले आहे, हे स्पष्ट सांगावे. आमच्या कार्यशाळेत हा नियम प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी सांगितला जाई.

दुसरे म्हणजे, काही जण टाकीजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायला सांगतील. त्याने डिझेल मागे उतरणे थांबते आणि गाडी सुरू होते, पण चीर तशीच राहते आणि वाढत जाते. पुढे एखाद्या दिवशी ती चालत्या गाडीत एवढी हवा घेईल की इंजिन घाटात बंद पडेल, आणि या गाड्यांमध्ये ब्रेकचा बूस्टर असेल तर त्याला लागणारा व्हॅक्यूम इंजिनावरूनच मिळतो. दोष शोधून काढावा, झाकू नये.


मुलुंडची५४०

सर्वांना नमस्कार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सर्व तपासण्या सुट्टीच्या दिवशीच करता आल्या.

फिल्टरमधून काढलेल्या डिझेलच्या तळाशी पाण्याचा पातळ थर दिसला. त्यामुळे ताईंच्या सल्ल्याप्रमाणे आधी टाकी उतरवली. आत गंज थोडा होता, पण ओढनळीच्या जाळीवर काळा, बुळबुळीत थर साचलेला होता आणि जाळीचा बराच भाग त्याने झाकला होता. टाकी धुऊन, पूर्ण वाळवून, ताजे डिझेल भरले. वेसावच्या दादांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे, की जूनमध्ये गाडी सपाट जागेवर होती आणि टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. जागा गणपतीच्या सुमारास बदलली, म्हणजे त्रास सुरू झाला त्याच वेळी.

त्यानंतर बाटलीची चाचणी केली. रात्रभर जोडणी तशीच ठेवली; सकाळी इंजिन क्षणात सुरू झाले. पंपाचा संशय तेथेच मिटला. पारदर्शक नळी मागे मागे सरकवत नेली तेव्हा फीड पंपाच्या आधीही बुडबुडे होते, पण टाकीतून बाहेर पडणाऱ्या टोकाशी नव्हते. मधल्या भागात चेसिसच्या लोखंडी पाइपला जोडणारा रबरी नळीचा वीतभर तुकडा आहे. वरून तो ठीक दिसत होता. क्लिप सैल करून वाकवल्यावर बरोबर क्लिपच्या खाली, नळीच्या अर्ध्या परिघाएवढी चीर दिसली. बाहेरून ती क्लिपने झाकलेली होती, त्यामुळे हात लावूनही कधी कळली नसती. सर्व रबरी नळ्या आणि क्लिप बदलल्या, तिसरा हीटर प्लगही बदलला. आता उतारावर उभी करूनही गाडी सकाळी लगेच सुरू होते.

एक प्रश्न राहिला आहे. पंपाच्या आत जाणाऱ्या पारदर्शक नळीत आता एकही बुडबुडा दिसत नाही, पण परतीच्या नळीत अगदी बारीक बुडबुडे अधूनमधून दिसतात. हे पंपाच्या शाफ्टच्या सीलचे लक्षण आहे का, आणि त्यासाठी पंप आता उतरवावा का?


वेसावचे_डिझेल

मनापासून आनंद झाला. चीर क्लिपच्या खालीच असणे अगदी नेहमीचे आहे. क्लिप जास्त आवळली की तिची धार रबरात रुतते आणि तेथूनच ते फाटते. नव्या क्लिप बेताने आवळा.

परतीच्या नळीतल्या बारीक बुडबुड्यांसाठी पंप लगेच उतरवू नका. टाकी उतरवली, सर्व जोड उघडले, तर पंपाच्या कोपऱ्यांत आणि फिल्टरच्या घुमटात हवा अडकून राहते आणि ती गाडी काही काळ रस्त्यावर चालेपर्यंत थोडी थोडी बाहेर येत राहते. एकदा कर्जतला जाऊन या आणि मग पुन्हा पाहा. तरीही बुडबुडे राहिले, तर आधी पंपावरच्या बॅन्जो बोल्टचे, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, वॉशर तपासा. ते तांब्याचे असतील आणि नवे मिळाले नाहीत, तर जुने लाल होईपर्यंत तापवून थंड करा. तांबे मऊ होते आणि पुन्हा नीट बसते. वॉशर बदलूनही फरक पडला नाही आणि पंपाच्या पुढच्या बाजूला, शाफ्टपाशी, डिझेलचा ओलावा दिसला किंवा इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढू लागली, तर मात्र सील गेले असे समजा. ऑइलमध्ये डिझेल मिसळत असेल तर गाडी चालवणे थांबवा, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना पुरत नाही. तोपर्यंत आठवड्यातून एकदा डिपस्टिक पाहणे आणि पुढच्या पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरून ठेवणे एवढे पुरेसे आहे.